अर्धी राहिलेली चक्कर

उम्म अल हस्सम, मनामा
शनिवार, २४ जानेवारी

प्रिय शाजिया,

बेटा, पाकिटावर माझं अक्षर बघून आधी घाबरू नकोस. तुझी अम्मी बरी आहे, मीही बरा आहे. शुगर काठावर आहे, पण ती गेली सहा वर्षं काठावरच आहे. कुणी गेलेलं नाही. आपल्याकडे पत्र आलं की माणसं आधी रडून घेतात आणि मग पाकीट फोडतात, म्हणून पहिल्यांदा हे सांगून टाकलं. पत्र एकटीने वाच. मराठी वाचायला तुला वेळ लागतो हे मला माहीत आहे; लागू दे. इंग्रजीत मी तेहतीस वर्षं दुकानाची पत्रं लिहिली, 'विथ रेफरन्स टू' आणि 'काइंडली डू द नीडफुल'. माल बंदरात सडत पडलेला असताना 'शिपमेंट इज ऑन द वे' हे मी इतक्या सफाईने लिहिलंय की मलाच ते खरं वाटायचं. म्हणून ती भाषा नको.

काल जुम्म्याची नमाज पढून घरी आलो, जेवायला बसलो, तोच तुझा फोन आला. नावेदपासून वेगळं व्हायचं ठरवलंय, वकिलाला दोनदा भेटून झालं, फेब्रुवारीत कागद दाखल करणार, हे तू एका दमात सांगितलंस. अम्मीने कारण विचारलं तर म्हणालीस, कारणं पुष्कळ आहेत, पण जो माणूस दारातून निघताना कुत्र्याच्या दोरीची एक क्लिप नीट लावू शकत नाही त्याच्या भरवशावर मी पुढचं आयुष्य काढू शकत नाही. पुढे म्हणालीस, दोन बाळं गेली तेव्हा सगळे अल्लाची मर्जी म्हणाले, मीही मानलं, पण माझा कुत्रा, माझा सांदन, कुणाच्या मर्जीने गेला नाही, नावेदच्या हलगर्जीपणाने गेला. अम्मी रडायला लागली. मग फोन माझ्या हातात आला, आणि मी काय म्हणालो? "बघ बेटा, घाई करू नको." एकतीस वर्षांच्या बापपणातून एवढं एकच वाक्य निघालं. नंतर भात तसाच टाकून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली तो केरळवाला कपडे इस्त्री करत होता, त्याच्याकडे बघत राहिलो. तुझ्या आवाजात रडं नव्हतं. त्याची मला फार भीती वाटली.

इकडची खबर थोडक्यात सांगतो. बाब अल बहरीनच्या मागचं आपलं दुकान मे महिन्यात बंद होतंय. मालक, आपले अरबाब, थकले, त्यांच्या मुलांना कापडात रस नाही. अर्धे ठाण गेले, उरलेले मी रोज झटकून पुन्हा रचून ठेवतो, गिऱ्हाईक मफी, एकही नाही. व्हिसा जूनपर्यंत आहे, मग खलास, आम्ही गावी, गोवळकोटला. अम्मी आतापासून भांडी कुणाला काय द्यायची ते ठरवत बसली आहे. या क्षणी ती आत मेथी निवडतेय. दोनदा येऊन विचारून गेली, काय लिहिताय एवढं. म्हटलं, ओळखपत्राचा, सीपीआर कार्डाचा फॉर्म भरतोय. बघ, इथेही खोटंच बोललो. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

तुला बुसैतीनचं घर आठवतं का? तू आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत आपण तिथे होतो. शुक्रवारी असरची नमाज झाली की आपली चक्कर ठरलेली. घरातून निघायचं, इराण्याच्या तंदूरवरून दोन गरम खुबूस घ्यायचे, एक तू रस्त्यातच कुरतडायचीस, मग समुद्राच्या कडेने चालत, पलीकडे मनामाचे दिवे लागेपर्यंत, आणि शाळेच्या मागच्या गल्लीतून घरी. ज्या वाटेने गेलो त्या वाटेने परत यायचं नाही, हा तुझा नियम होता. "अब्बा, सेम रोड नो!" म्हणायचीस. मी मराठीत बोलायचो, तू इंग्रजीत उत्तर द्यायचीस, आणि दोघांनाही सगळं कळायचं. आठवडाभर दुकानात मी लोकांच्या पुढे पुढे करायचो, त्या तासाभरात मला कुणाच्या पुढे पुढे करायचं नसायचं. माझ्या आयुष्यातला तो चांगला तास होता.

त्याच चक्करवर एकदा तू एका पिल्लाला खुबूस भरवलंस. हडकुळं, खरजेलं, त्याने तुझा हात कोपरापर्यंत चाटला. मी तुला तसंच उचललं, हात लांब धरून, घरी आणलं आणि आपल्या शाफई रिवाजाप्रमाणे सात वेळा धुतला, त्यातली एक वेळ कुंडीतल्या मातीने. इतका घासला की तो लाल झाला. तू रडत म्हणत होतीस की मदरशातल्या आपांनी सांगितलंय, तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजलं म्हणून एका माणसाला माफी मिळाली. मी म्हणालो, मिळाली असेल, पण हात त्यानेही धुतला असेल. अम्मी हसली. मला वाटलं मी फार हजरजबाबी बोललो. आता वाटतं, धुवायचा तो रिवाज पाण्याने आणि मातीने पुरा होत होता, त्यात राग मी माझ्या पदरचा घातला. हे मला जरा उशिरा कळलं. माझ्या बाबतीत बऱ्याच गोष्टी उशिरा होतात.

मागच्या एप्रिलमध्ये साहेबाच्या देशात तुमच्याकडे आलो तेव्हा अम्मीचा व्हिसा आला नाही, हे माझ्या पथ्यावरच पडलं. ती असती तर मला ताळ्यावर ठेवलं असतं. मी बॅगेत माझं स्टीलचं ताट, पेला आणि वाटी घेऊन आलो होतो, टॉवेलात गुंडाळून. तू ते बघितलंस आणि फडताळातला सगळ्यात वरचा कप्पा रिकामा करून दिलास. दुसऱ्यांदाही बाळ राहिलं नाही, त्यानंतर नावेदने तुला हा लॅब्राडोर आणून दिला होता, हे मला अम्मीकडून कळलं होतं. तरी मी यायच्या आधीच मनात गाठ मारून आलो होतो की पोरीने घराचा उकिरडा केलाय. त्यात त्याचं नाव सांदन! आपल्या घरात ईदला वाफवायच्या पदार्थाचं नाव कुत्र्याला! नावेद म्हणाला, अब्बा, पांढरा आहे, फुगलेला आहे आणि सगळ्यांना आवडतो, दुसरं काय ठेवणार. तू हसलीस. तू हसलीस हे मी पाहिलं, शाजिया, आणि तरी तोंड वाकडं करून बसलो.

दुसऱ्या दिवशी तू तो कागद दिलास. तुमच्या गावच्या माहितीकेंद्रात फुकट मिळतो तो, कुत्र्याला घेऊन करायच्या चकरेचा नकाशा. जिथून निघायचं तिथेच परत, साडेतीन मैल, नऊ थांबे. प्रत्येक थांब्याशेजारी तू पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतंस, पहिलीतल्या पोरासारखं अक्षर, पण लिहिलं होतंस. खाली लिहिलं होतंस, 'आपली शुक्रवारची चक्कर, पण गारठ्यात.' मी चष्मा लावून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि म्हणालो, कुत्र्याशिवाय केली तर नाही का चालणार?

पहिले पंधरा दिवस मी तुमच्यापासून दहा पावलं मागे चालत होतो. पुढे तू आणि सांदन, कधी नावेद, आणि मागे मी, हात पाठीवर बांधून, कुणाचा तरी सावकार असल्यासारखा. पण डोळे उघडे होते, आणि तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगतो, मला तुमचं गाव आवडलं. चौकातला तो दगडी खांबांवरचा बाजार, खाली भाजी आणि चीज, वर घड्याळ. सातशे वर्षं तिथे मंगळवारी बाजार भरतो म्हणालीस. सातशे वर्षं एका जागी दुकान मांडणं म्हणजे काय, हे मनामाच्या बाजारात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला विचार. त्या वाकड्या, काळ्या लाकडाच्या घरांच्या गल्लीत लोकरीचं दुकान होतं. मी दारातूनच हात लावून बघितलं, माल चोख होता. पण प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्याशी पाण्याचं वाडगं, आत कुत्रं चालेल अशी पाटी! खाटीक दारात येऊन सांदनला बिस्कीट द्यायचा आणि नावाने हाक मारायचा. सॅन्डन, सॅन्डन! माझं नाव तीन आठवड्यांत त्या गावात एकालाही कळलं नाही. खरं सांगू? मला त्या कुत्र्याचा हेवा वाटला. चर्चच्या आवारातून, जुन्या वेशीतून, उतारावरून पुलापर्यंत सगळं गाव त्याला सलाम करत होतं, आणि तू त्याच्याशी जे बोलायचीस ते चक्क मराठीत. "चल रे, थांब रे, अरे खाऊ नको ते." माझ्याशी इंग्रजी आणि कुत्र्याशी मराठी. मी मागून ऐकत होतो आणि मला आतून चरचरत होतं. कुत्र्यावर जळणारा बाप, याहून हलकं काय असेल?

मग तो बुधवार आला. तुझी फार्मसीत चारपर्यंत ड्यूटी, नावेदची हॉस्पिटलातली दुपारची शिफ्ट. आदल्या दिवशी जेवताना तू म्हणालीस, "अब्बा, उद्या एकदाच तुम्ही घेऊन जाल? फक्त एकदा. माझ्यासाठी." एवढं सगळं तू मराठीत म्हणालीस. मी हो म्हणालो. तुझा चेहरा असा काही उजळला की मला माझीच लाज वाटली. सकाळी साडेअकराला नावेदने त्याला गळपट्टा घातला, दोरीची क्लिप लावली, आणि मला हात लावावा लागू नये म्हणून आपला लोकरीचा हातमोजा मला दिला. हे पोरगं किती विचार करायचं बघ. मग तो बसने गेला, आणि मी आणि सांदन निघालो.

तुला वाटत असेल मी त्याला ओढत, शिव्या देत नेलं. नाही. तो मला नेत होता. पंधरा दिवस तुमच्या मागे मागे चाललेलो, म्हणून मला वाट नीटशी ठाऊक नव्हती, त्याला नऊच्या नऊ थांबे पाठ होते. खाटकाच्या दारात तो थांबला, म्हणून मीही थांबलो. त्या माणसाने मला "मॉर्निंग!" म्हटलं, मला, पहिल्यांदा. एक म्हातारी बाई सांदनची चौकशी करता करता माझीही करून गेली, कुठून आलात, थंडी सोसते का. मी म्हटलं, बहरीन. ती म्हणाली, हाऊ लव्हली. वेशीतून उतरताना माझ्या लक्षात आलं की मी त्याच्याशी बोलतोय, आपल्या गोवळकोटच्या बोलीत, जी मी तुझ्या आजीनंतर कुणाशी मोकळेपणाने बोललो नाही. अरबाबांविषयी बोललो, माझ्या गुडघ्याविषयी, आणि तुझ्याविषयीही बोललो. तो कान हलवत होता. पूल ओलांडून नदीकाठच्या वाटेला लागलो तेव्हा ऊन पडलं होतं, आणि मी ठरवलं होतं की संध्याकाळी तुला सांगायचं, उद्याही मीच नेतो याला.

पुढचं तुला ठाऊक आहे. म्हणजे तुला जे सांगितलं गेलं ते ठाऊक आहे. सहाव्या थांब्याला, जुन्या गिरणीच्या बंधाऱ्याजवळ क्लिप आपोआप सुटली, सांदन पळाला, पाण्यात पडला, बंधाऱ्याखालच्या भोवऱ्यातून त्याला बाहेर येता आलं नाही. हे मी सांगितलं. आधी नावेदला फोनवर, मग तुला. नावेद शिफ्ट सोडून टॅक्सीने आला, नदीच्या खालच्या अंगाला उथळ पाण्यात त्याला सांदन सापडला, त्याने त्याला स्वतःच्या कोटात गुंडाळून वर आणलं. मी दोरी हातात घेऊन उभा होतो. त्याने दोरी माझ्या हातातून घेतली, क्लिप अंगठ्याने उघडून सोडली. टक करून बंद झाली. पुन्हा उघडली, पुन्हा बंद झाली. मग त्याने माझ्याकडे बघितलं. शाजिया, त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. तू घरी आलीस, फरशीवर बसून त्याचं ओलं डोकं मांडीवर घेतलंस आणि विचारलंस, क्लिप कुणी लावली होती? मी तोंड उघडायच्या आत नावेद म्हणाला, मी लावली होती, नीट लागली नसेल, माझी चूक. आणि मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

तू आत रडत होतीस तेव्हा मी तुमच्या मागच्या अंगणात माझा कोट धूत होतो. सात वेळा, एक वेळ तुझ्या गुलाबाच्या वाफ्यातल्या मातीने. तू खिडकीतून बघितलंस. त्यानंतर उरलेले चार दिवस तू माझ्याशी नीट बोललीस, जेवायला वाढलंस, विमानतळावर सोडायला आलीस, पण माझ्या डोळ्यांत बघितलं नाहीस. तुला वाटलं, बापाला कुत्रं मेल्याचं काही नाही, कोट विटाळल्याचं आहे. तसं नव्हतं. मला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. हाताला जे येत होतं ते हात करत होते.

त्यानंतर नऊ महिने मी गप्प. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझी आई म्हणायची, आणि मी ती मूठ आवळूनच धरली. फोनवर तू नावेदविषयी तुटक बोलायला लागलीस, मग त्याचं नाव घ्यायची थांबलीस, मग तो वेगळ्या खोलीत झोपतो असं अम्मीला कळलं. मी ऐकत होतो. मनात म्हणत होतो, घरोघरी मातीच्या चुली, निवळेल. डिसेंबरमध्ये एका दुपारी नावेदचा दुकानावर फोन आला. तो म्हणाला, "अब्बा, मी तुम्हाला कधी विचारलं नाही तिथे काय झालं. आजही विचारत नाही. फक्त तिला एवढं सांगा की क्लिप लागलेली होती. ती माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल."  मी काय म्हणालो असेन? म्हणालो, बेटा, आता जुनं उकरून काय मिळणार, पाणी वाहून गेलं. तो म्हणाला, ठीक आहे अब्बा, तब्येत सांभाळा. सासऱ्याला उघडं पाडायचं नाही, हे त्याच्या म्हसळ्याच्या घरातलं वळण. मी त्याच्या त्या वळणाचा फायदा घेतला. काल तुझा फोन येईपर्यंत घेत राहिलो.

आता जे झालं ते सांगतो, यासाठीच हे पत्र आहे. क्लिप नावेदने नीट लावली होती, लावून मला दोनदा ओढून दाखवली होती. ती काढली मी. बंधाऱ्याजवळ पोहोचलो तेव्हा जोहरची वेळ झाली होती. मी त्याला कुंपणाच्या खांबाला बांधलं, लांब, म्हणजे नमाजेत तो जवळ नको, आणि गवतावर शाल अंथरली. तो कुंई कुंई करायला लागला. येणारीजाणारी माणसं माझ्याकडे बघत होती, त्यांची कुत्री मोकळी फिरत होती, माझंच तेवढं बांधलेलं. मला ओशाळं वाटलं. मी हातमोज्याने क्लिप दाबून त्याला सोडलं आणि नमाजेला उभा राहिलो. मी सजद्यात असताना तो पाण्यातून आला, निथळत, माझ्या अंगावर झडझडला आणि माझं तोंड चाटलं. कान, कपाळ, सगळं. माझी वुजू गेली, शाल गेली, कोट गेला, नमाज तुटली, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. चांगला तासभर जे काय विरघळलं होतं ते एका क्षणात पुन्हा गोठलं. मी ओरडलो, हाड! आणि दगड घ्यायला वाकलो. आपल्याकडे कुत्र्याला हाकलायला नुसतं वाकलं तरी पुरतं, गोवळकोटचं कुठलंही कुत्रं माणूस वाकला की शेपूट घालून पळतं. हा पळाला नाही. हा चार पावलं मागे सरला, पुढचे पाय वाकवले, शेपूट हलवायला लागला आणि माझ्या हाताकडे बघत राहिला. त्याला आजवर कुणी दगड मारलाच नव्हता, बेटा. हात उचलला म्हणजे खेळायचं, एवढंच त्याला माहीत. मी फेकला, रागाने, त्याला लागावा म्हणूनच फेकला. तो त्याच्या डोक्यावरून गेला आणि बंधाऱ्याखालच्या फेसात पडला, आणि सांदनने त्याच्या मागे उडी मारली. आणायला. त्याला बाहेर येता आलं असतं, काठ दोन हातांवर होता, पहिल्या वेळी तो वर आला तेव्हा मी बघितलं. पण तो बाहेर यायच्याऐवजी डोकं पुन्हा खाली घालत होता. तो दगड शोधत होता. मी वाशिष्ठीत, गोवळकोटच्या धक्क्यावरून उड्या मारून वाढलेला माणूस आहे, मला पोहता येतं. मी उतरलो नाही. पाणी गार होतं, कोट अंगात होता, आणि तो आधीच विटाळलेला होता, तरी मी काठावर उभा राहून नुसत्या हाका मारल्या. त्याच्या नावानेही नाही, त्याचं नाव माझ्या तोंडात तोवर आलंच नव्हतं. धर्माने मला धुवायला सांगितलं होतं, मारायला कुणी सांगितलं नव्हतं, ते माझं. खोटं बोलायलाही कुणी सांगितलं नव्हतं, तेही माझं. हे वाचून तू मला अब्बा म्हणणं सोडलंस तर मी तक्रार करणार नाही. अम्मीला मी आजच सांगतोय, मेथी निवडून झाली की. नावेदला मात्र आज, हे वाचून झाल्यावर लगेच, तो ज्या खोलीत असेल त्या खोलीत जाऊन सांग की क्लिप लागलेली होती. तुला त्याच्याबरोबर राहायचं की नाही ते तुझं तू ठरव, मला त्यात बोलायचा हक्क उरलेला नाही. पण त्या कागदांवर कारण लिहायला जागा असेल, तर तिथे त्याचं नाव घालू नकोस. माझं घाल, पासपोर्टवर आहे तसं, पूर्ण.

तुझाच,
ताहिर